तुरीच्या डाळीवर तोललेला ट्रिगर

चारुता पुराणिकचं बोट ट्रिगरवर नव्हतंच. ते ट्रिगरच्या कड्याबाहेर, लाकडावर सरळ टेकलेलं होतं. मागे उभ्या असलेल्या अब्दुल सत्तारला ते स्वच्छ दिसत होतं, कारण त्याची नजर त्या बोटावरून हललीच नव्हती. तिने पालथं पडल्या पडल्या गोळीमागचा बोल्ट पुढे सारला, खाली वळवला, आणि रायफल उडाली.

पॉइंट टू-टू बोअरच्या रायफलीचा बार तसा मोठा नसतो. वाळकी फांदी मोडावी तेवढाच आवाज. पण त्या सकाळी अकोल्याबाहेरच्या रेंजवर तो आवाज ऐकून सगळे जागच्या जागी थिजले. गोळी निशाणापर्यंत पोचलीच नाही. ती अलीकडेच जमिनीत घुसली, धुळीचा लोट उठला आणि एक खडा उडून निशाणाच्या पत्र्यावर टणकन आदळला. त्याच वाटेने रेंजचे प्रमुख खुशालराव नुकतेच निशाणाचे कागद चिकटवून परतले होते. खळीची वाटी अजून त्यांच्या हातातच होती.

"कोणी उडवली?" खुशालराव ओरडले. "मी हुकूम दिला होता का?"

"मी नाही," चारुता म्हणाली. "सर, मी ट्रिगरला हातच लावला नाही. मी फक्त बोल्ट बंद केला."

"बोल्ट उघडा! सगळ्यांनी उघडा! रायफली खाली, माणसं मागे!"

खुशालरावांचा जन्म एनसीसीच्या नोकरीत गेला होता. त्यांच्या हुकुमावर माणसं विचार न करता हलत. चारुता मागे सरकली आणि गुडघ्यांवरच बसून राहिली. खुशालरावांनी वाटीकडे पाहिलं, मग जमिनीतल्या त्या भोकाकडे, आणि शेवटी सत्तारकडे.

"ट्रिगर कोणी केला हा?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. पंधरवडाभर सत्तारनेच ते अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सांगितलं होतं.

अब्दुल सत्तारचं बंदूक दुरुस्तीचं दुकान राजापेठेतल्या एका गल्लीत. वर शिकवणीवर्ग, मागे केशरबाईचं बिऱ्हाड आणि मधल्या खोलीत सत्तार. दुकान मुळात केशरबाईच्या नवऱ्याचं, ओमप्रकाश मिस्त्रींचं. सत्तार मिसरूड फुटण्याआधीपासून त्यांच्या हाताखाली होता. मिस्त्री गेल्यावर त्याने दुरुस्तीचा परवाना स्वतःच्या नावावर काढला, पण टेबलाला बसवलेला मिस्त्रींचा जुना लोखंडी शिकंजा मात्र तसाच राहू दिला. काम त्याच शिकंज्यात धरायचं, हे त्याने कधी बदललं नाही.

एके काळी मोर्शी, चांदूर बाजारकडचे संत्राबागाईतदार रानडुकरांसाठी ठेवलेल्या दुनळी बंदुका घेऊन यायचे. पुढे त्या बंदुका दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा होऊ लागल्या. जमा केलेली परत आणायचा लोकांना कंटाळा येऊ लागला, आणि मुलांना तर त्या नकोच होत्या. दुकानात काम कमी झालं. सत्तारचं बोलणं तेवढं कमी झालं नाही.

"अमरावतीत हात दोनच," तो चहावाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना सांगायचा. "एक डोळ्याच्या डॉक्टरचा अन् एक ह्या सत्तारचा. बाकी सगळे पंजे."

ट्रिगर किती जड आहे हे मोजायची त्याची रीत त्याच्या घरचीच होती. पत्र्याचा डबा तारेने ट्रिगरला टांगायचा. रिकामी रायफल उभी धरायची. मग त्याची बायको सईदा त्या डब्यात वाटीने हळूहळू तुरीची डाळ ओतायची. खट् आवाज झाला की हात थांबवायचा आणि डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा. जेवढं वजन, तेवढा ट्रिगर जड. ती डाळ मग शिजायला जायची.

"आज वरण इतना पतला क्यूँ?" एखाद्या दिवशी तोच विचारायचा.

"आपने ट्रिगर हलका किया ना," सईदा म्हणायची. "जितना हलका ट्रिगर, उतना पतला वरण. फिर तारीफ करवाओ दुनिया से!"

अकोल्याच्या कोर्टात वकिली करणारी चारुता पुराणिक श्रावणात त्याच्याकडे आली. कॉलेजात एनसीसीत असताना तिने नेम धरला होता. मग लग्न, मुलं, कोर्ट. पंचेचाळिशीनंतर तिने अकोल्याच्या नेमबाजी क्लबात नाव घातलं आणि परवाना काढून स्वतःची टू-टू रायफल घेतली. एकेक गोळी हाताने घालायची आणि बोल्ट वळवून बंद करायचा, अशी साधी रायफल. नळी चांगली होती, ट्रिगर वाईट होता.

"ओढताना दाताखाली वाळू आल्यासारखं वाटतं, सत्तारभाई," ती म्हणाली. "जोर लावता लावता नेम उजवीकडे सरकतो. नियमात बसेल तितका हलका करून हवा. दिवाळीनंतर राज्य स्पर्धा आहे."

"द्या ठेवून, ताई. लोण्यातून सुरी गेल्यावानी करून देतो."

तिच्या पाठोपाठ खुशालरावांचा फोन आला. बाईंची रायफल कर, मी रेंजवर स्वतः पाहतो. पसंत पडली तर क्लबच्या सगळ्या रायफली तुझ्या. नाही पडली तर त्या बाहेरगावी जातील. सत्तारने त्या दिवशी गल्लीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. दुकान चालायचं असेल तर त्या रायफली यायलाच हव्या होत्या, हे सईदालाही ठाऊक होतं आणि मागे राहणाऱ्या केशरबाईलाही.

ट्रिगरच्या वर, रायफलीच्या पोटात एक छोटा पोलादी दात असतो. ताणलेल्या पिनेला तोच अडवून धरतो. ट्रिगर ओढला की दात खाली सरकतो, पीन सुटते, काडतुसाच्या कडेवर ठोका बसतो. दात आपल्या जागी परत यावा म्हणून त्याच्याखाली एक स्प्रिंग असते. सत्तारने दाताचा खडबडीतपणा कुरुंदाच्या दगडावर काढला. डोळ्याला भिंग लावून, दोन घासण्यांमध्ये चहा घेऊन, दिवसचे दिवस तो ते काम करत होता. मग त्याने हलकी स्प्रिंग बसवली. दसऱ्याला रायफल जोडली तेव्हा सईदाने डाळ ओतली, आणि ट्रिगर इतका गुळगुळीत सुटला की तिचाही हात वाटीसकट थबकला. क्लबचा नियम होता तेवढं वजन तो अगदी बरोबर पेलत होता, दाणाभरही जास्त नाही. सत्तारने रायफल ताणून बटाचा, म्हणजे मागच्या दस्त्याचा, ठोका जमिनीवर दिला. नाही सुटली. संध्याकाळी चारुता येऊन ती घेऊन गेली. सणात रेंज बंद होती. रायफल तिच्या घरच्या कपाटात कुलपात राहिली, ती या रविवारी बाहेर निघाली.

आणि आता ती क्लबच्या टिनाच्या खोलीत टेबलावर पडली होती. सगळे भोवती उभे होते.

"उघड," खुशालराव म्हणाले. "आमच्यासमोर उघड. आणि जरा तोंड मिटून."

तोंड मिटणं सत्तारच्या स्वभावात नव्हतं. "उघडतो ना, सर. माह्या कामात खोट निघाली तं आजच दुकानाले कुलूप घालतो. शब्द हाय सत्तारचा."

त्याने दोन स्क्रू काढले आणि लोखंडी भाग लाकडातून अलगद वर उचलला. उजेडाकडे धरला.

दाताभोवती, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत, लालसर काहीतरी साकळलं होतं. त्याने नखाने टोकरलं. नखाला चिकट तार आली. दात बोटाने खाली दाबून सोडला, तर तो झटकन वर यायच्या ऐवजी अर्ध्यातच रेंगाळला. असा काठावर कसाबसा टेकलेला दात बोल्ट वळवायच्या धक्क्यानेच घसरणार, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

"कुंकू," तो पुटपुटला. मग मोठ्याने म्हणाला, "हे कुंकू हाय!"

सत्तार रायफल टेबलावर ठेवून तडक बाहेर निघाला. बाहेर कडुनिंबाखाली चारुताचे सासरे चिंतामणगुरुजी बसले होते. गावात पूजा सांगणारे, सत्तरीचे. सून आग्रहाने घेऊन यायची म्हणून ते यायचे आणि बंदुकीच्या आवाजाच्या भीतीने दोन्ही कानांत कापूस घालून वर्तमानपत्र वाचत बसायचे. आत काय झालं याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"गुरुजी! पूजा कशी केली तुमी बंदुकीची?"

"हो हो, छान चाललंय," गुरुजी म्हणाले.

"पूजा! पूजा!" सत्तारने स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. गुरुजींनी कापूस काढला. "आतमंदी कुंकू भरलं तुमी! मशीन हाय ते, देव्हारा नाई! गोळी सुटली ना आपोआप! खुशालराव वाचले म्हनून बरं!"

मागून आलेली चारुता दारातच थांबली. गुरुजी उठून उभे राहिले, तेव्हा वर्तमानपत्राची पानं त्यांच्या पायाशी पसरली. ती त्यांनी उचलली नाहीत.

"कोणाला लागलं?"

"नाही, बाबा," चारुता म्हणाली.

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. मग सत्तारकडे वळून ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "सत्तारभाई, शस्त्रांची पूजा कधी असते?"

"खंडेनवमीले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी."

"आणि रायफल आमच्या घरी कधी आली?"

सत्तार बोटांवर दिवस मोजू लागला.

"दसऱ्याच्या संध्याकाळी," गुरुजी म्हणाले. "तुम्हीच दिली. आल्यापासून मी त्या कपाटासमोरून जातसुद्धा नाही. मला भीती वाटते तिची. नवमीला आम्ही घरातली विळी पुजली."

सत्तारच्या डोळ्यांपुढे नवमीची सकाळ उभी राहिली. मिस्त्री गेल्यापासून दर खंडेनवमीला केशरबाई ताम्हन घेऊन दुकानात येत असे. नवऱ्याच्या शिकंज्याला, कानशींना, हातोड्याला हळदकुंकू लावत असे, आणि सत्तार उठून बाजूला उभा राहत असे. यंदाही ती आली होती. शिकंज्यात चारुताची रायफल धरलेली होती, पोट उघडं, दात बाहेर. "हिलेही लावू का रे?" तिने विचारलं होतं. "लावा, बाई. नशीबवान हाय ती," तो म्हणाला होता आणि चहाला गेला होता. परत आल्यावर बाहेरच्या लोखंडावरचं कुंकवाचं बोट त्याने फडक्याने पुसलं होतं. आत पाहिलं नव्हतं. स्वतःच्या हाताने घासलेल्या दातात पुन्हा काय पाहायचं, असं त्याला वाटलं होतं.

तो कडुनिंबाच्या पारावर बसला.

"गुरुजी, माफी द्या," तो म्हणाला. "नवमीले बंदूक माह्याच दुकानात होती. कुंकू तिथलंच हाय."

खुशालराव दारात येऊन ऐकत होते. "कोणी लावलं?"

"ते नका विचारू, सर."

"बरं, नको सांगू. पण बाहेर लावलेलं कुंकू आत कसं गेलं, आणि गोंदासारखं कसं झालं? ते कळल्याशिवाय क्लबची एकही रायफल तुला मिळणार नाही. आणि दुसरं सांग. चिमूटभर कुंकवानं अडावा इतका नाजूक दात तू केलासच कशाला?" ते थोडे थांबले. "कुलपाचं काय ते आठवडाभराने बोलू. पुढच्या रविवारी ये."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तरी सापडेल असं सत्तारला वाटत होतं. दुसऱ्यातला दोष मात्र त्याचा स्वतःचाच होता. चारुताने कागदपत्रं करून रायफल पुन्हा त्याच्या ताब्यात दिली. निघताना ती म्हणाली, "सत्तारभाई, तितका हलका मीच मागितला होता." त्याने मान हलवली. ते ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मागणारा मागतोच, किती द्यायचं हे कारागिराने ठरवायचं असतं.

घरी सईदाने त्याचा चेहरा पाहिला आणि हातातलं काम टाकलं. सगळं ऐकल्यावर ती एवढंच म्हणाली, "केशरबाई को पूछा?"

"काय विचारू? म्हातारीले का म्हनू, तुह्या कुंकवानं बंदूक उडाली?"

"आप नहीं पूछोगे तो मैं पूछती." आणि ती गेलीच मागच्या दाराने.

केशरबाई पदर सावरत दुकानात आली. "काहून बलावलं रे? नवमीच्या पूजेचं काय झालं?"

"बाई, तुमी बंदुकीच्या आतमंदी कुंकू घातलं होतं का?"

"घातलं ना! तू चहा प्याले गेला होता. आतमंदी पाह्यलं तं सगळं कोरडं ठणठणीत. मिस्त्री नेहमी म्हणत, लोखंडाले तेल पाहिजे. म्हटलं, ह्या पोराले गडबडीत याद नसन राह्यली. कुंकू घातलं अन् वरून तेल वतलं मस्त."

"कोणतं तेल?"

"माह्या वाटीतलं तं दिव्यालेच सरलं. तुह्याच बाटलीतलं." तिने फळीवर बोट दाखवलं. "ते."

फळीवर दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक मशीनच्या तेलाची आणि दुसरी जवसाच्या तेलाची. जवसाचं तेल लोखंडासाठी नव्हतंच. बंदुकीच्या लाकडाला ते चोळायचं, हवेवर वाळू द्यायचं, की लाकडावर कडक चकाकता थर बसतो. ओलं होतं तोवर त्या तेलावर दात लोण्यासारखा सरकला होता. दसऱ्याच्या दिवशी ज्या गुळगुळीतपणावर तो स्वतःच खूश झाला, तो अर्धा या बाटलीचा होता. नंतर कपाटाच्या अंधारात तेल वाळत गेलं आणि कुंकवासकट त्याचा गोंद झाला.

सत्तार दोन्ही बाटल्यांकडे बघतच राहिला. एकीवरही चिठ्ठी नव्हती. आपल्याला वासाने कळतं, चिठ्ठी कशाला, असं तो आजवर म्हणत आला होता.

"कोनाले लागलं का रे?" केशरबाईने विचारलं. तिचा हात दाराच्या चौकटीवर घट्ट होता.

"नाई, बाई."

"मग मी येतो अकोल्याले. माह्या तोंडानं सांगतो त्या साहेबाले. तुह्यावर नको."

सत्तारने मान डोलावली. तो आठवडा त्याने शिकंज्यापाशी काढला. जुना दात काढून नवा बसवला. तोही घासून गुळगुळीत केला, पण आधीपेक्षा खोल धरेल असा ठेवला. हलकी स्प्रिंग काढून मधल्या जोराची घातली. मग रायफल उघडी असतानाच त्याने केशरबाईला हाक मारली आणि जवसाची बाटली तिच्यासमोर ठेवली.

"वता."

"आता कायले? मले भेव वाटते."

"तवा वतलं होतं तेवढंच वता. कुंकूही तेवढंच घाला."

तिने तेवढंच घातलं. सईदा दारात उभी राहून पाहत होती. तेल लवकर वाळावं म्हणून ते पोलादी पोट त्याने दुकानाच्या जाळीआड उन्हाच्या पट्ट्यात ठेवलं, संध्याकाळी तिजोरीत, सकाळी पुन्हा उन्हात.

रविवारी टिनाच्या खोलीत खुशालरावांनी रिकामी रायफल हातात घेतली. ट्रिगरला वजन टांगून उचललं. पेललं. बट जमिनीवर आपटलं. नाही सुटली. मग त्यांनी बोल्ट इतक्या जोराने, इतक्या वेळा बंद केला की चारुताने नजर दुसरीकडे वळवली. प्रत्येक वेळी दाताने पीन धरून ठेवली.

"ठीक आहे. उघड आता."

सत्तारने उघडली. आत कुंकवाचा लाल गोंद जसाच्या तसा होता. बघणारे मागे सरकले. खुशालरावांच्या हातातला चष्मा टेबलावर पडला.

"अरे, साफसुद्धा न करता आणलीस?"

"मुद्दाम, सर. तेच कुंकू, तेच तेल, त्याच हातानं." त्याने दात दाबून सोडला. गोंदातूनसुद्धा तो टक्कन जागेवर आला. "तुमच्या दुसऱ्या सवालाचं उत्तर मले तोंडानं नव्हतं देता येत."

पहिल्या सवालाचं उत्तर केशरबाईने दिलं. न थांबता, सगळं, चहापासून बाटलीपर्यंत. खुशालराव ऐकत राहिले. कुलपाचा विषय त्यांनी काढला नाही.

साफ केलेली रायफल घेऊन चारुता पालथी पडली. तिने गोळी घातली, बोल्ट वळवला, आणि मागे उभ्या सत्तारचे डोळे पुन्हा त्याच बोटावर खिळले. काही झालं नाही. मग बोट आत गेलं, आणि बार झाला. गोळी कागदावर लागली.

"पहिल्यापेक्षा जड झालाय, सत्तारभाई," ती उठत म्हणाली.

"होय, ताई. वाटीभर डाळ जास्त लागते."

"चालेल," ती म्हणाली, पण लगेच नाही.

कडुनिंबाखाली चिंतामणगुरुजी एका कानातला कापूस काढून केशरबाईला समजावत होते. "बाई, शस्त्राची पूजा बाहेरून करतात."

"तुमी नका सांगू मले," केशरबाई म्हणाली. "घरात बंदूक असून तुमी तं विळीवर भागवता."

खुशालरावांनी क्लबची एक रायफल सत्तारच्या हवाली केली. "एकच. ही नीट परत आली की दुसरी. आणि नवमीला तुझ्या दुकानात आमचं काही राहता कामा नये."

परतीच्या एसटीत सत्तार मूर्तिजापूर गेलं तरी एक अक्षर बोलला नाही. केशरबाईने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. तिने दोनदा त्याच्या तोंडाकडे वळून पाहिलं. शेवटी न राहवून म्हणाली, "सत्तार, ते जवसाचं तेल मलेच देऊन टाक. चटनीवर घेतो. दुकानात नको ते."

"ते खायचं नाई, बाई. लाकडाचं हाय," तो म्हणाला. "राहू द्या फळीवर. चिठ्ठी लावतो मी त्याले."